डावीकडून आलेला कर्सर

या ग्रुपवर लोकांनी लिहिलेले भुताखेतांचे अनुभव मी दुपारच्या जेवणासोबत वाचते आणि बऱ्याचदा हसते, हे आधीच सांगून टाकते. आमच्या दुकानाला लिंबू-मिरची नाही. अमावस्येला नवीन काम मी मुद्दाम घेते. माझं माहेर नांदेडचं. आमच्या घरी कुणाला 'बाहेरचं झालंय' असं कुणी म्हटलं, की वडील आधी थर्मामीटर शोधायचे. अशा घरात वाढलेल्या बाईने हे लिहावं म्हणजे कमालच. पण आता कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि ओळखीच्या माणसांशी बोलायची भीती वाटते... म्हणून इथे लिहितेय.

लातूरला गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, निवडीचे फ्लेक्स आणि श्रद्धांजलीचे. आमच्याकडे माणूस जन्मला, निवडून आला किंवा गेला, तरी चौकात फ्लेक्स लागतोच, त्यामुळे दुकान बरं चालतं. डिझाइन सगळं माझ्याकडे. छपाई करून आणणं, पोचवणं, गिऱ्हाइकाच्या मागे लागणं हे आमच्या मिस्टरांकडे. त्यांचं नाव बसवराज.

हे दुकान मुळात माझ्या सासऱ्यांचं. त्यांच्या काळी हाताने अक्षरांचे खिळे जुळवायचा छापखाना होता, आणि त्यांचा एक नियम होता – शुभाचं काम आणि दुःखाचं काम एका टेबलावर करायचं नाही. कॉम्प्युटर आले तसा तो नियमही कॉम्प्युटरवर आला. जुना कॉम्प्युटर भिंतीकडच्या टेबलावर, त्यावर फक्त श्रद्धांजली आणि उत्तरकार्याच्या पत्रिका. नवा माझ्यासमोर, त्यावर बाकी सगळं. आणि जिवंत माणसाचा फोटो त्या जुन्या कॉम्प्युटरवर न्यायचाच नाही. खाली 'शोकाकुल'च्या यादीत जिवंत माणसांची नावं चालतात, फोटो नाही. गल्लीतले बाकीचे डीटीपीवालेसुद्धा थोड्याफार फरकाने हेच पाळतात. विचारलं तर म्हणतात, फाइली मिक्स होतात म्हणून. सासरे गेल्यावरही मी नियम पाळला, तो श्रद्धेने नाही, हाताला सवय होती म्हणून.

दोन कॉम्प्युटर म्हणजे दोन कीबोर्ड आणि दोन माऊस. लगीनसराईत माझं डोकं इतकं फिरायचं की मी या स्क्रीनकडे बघून त्या कीबोर्डवर टाइप करायचे. वधूचं नाव उत्तरकार्याच्या पत्रिकेत जाता जाता राहिलं एकदा. त्यात जुन्याच्या कीबोर्डची बटणं निघाली होती. तेव्हा मिस्टरांनी यूट्यूबवर बघून एक सॉफ्टवेअर टाकलं. ओपन सोर्स, फुकटचं. दोन्ही कॉम्प्युटर एका केबलने जोडायचे, आणि मग एकच कीबोर्ड-माऊस दोघांना पुरतो. सॉफ्टवेअरमध्ये एक खिडकी उघडते, तिथे चौकोन मांडून सांगायचं की कोणता कॉम्प्युटर कोणाच्या कोणत्या बाजूला आहे. आम्ही मांडलं – नवा उजवीकडे, जुना डावीकडे. नव्या स्क्रीनची डावी कड ओलांडून माऊस ढकलला, की कर्सर जुन्या स्क्रीनवर उजव्या कडेने शिरतो. शिवाय इकडे कॉपी केलेलं तिकडे पेस्ट होतं. जुन्याचा मोडका कीबोर्ड आणि माऊस आम्ही काढूनच टाकला.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, हे अण्णा. मी यांना म्हटलं, "मामा असते तर रागावले असते."

"अण्णांनी टेबल येगळं ठिवा म्हणलं हुतं," हे म्हणाले. "टेबल येगळंच हाय की. माऊसचं कुटं काय म्हणले हुते?"

मीही हसले. काम इतकं सोपं झालं होतं की मी त्या सॉफ्टवेअरवाल्यांना मनातल्या मनात आशीर्वाद द्यायचे.

आता त्या दिवसाचं. उन्हाळा, भर दुपार. मिस्टर पत्रिकांचे गठ्ठे घेऊन उदगीरला गेले होते. माझा धाकटा भाऊ शिवकुमार – आम्ही शिवा म्हणतो – काही कामाने नांदेडहून लातूरला आला होता. त्याची तिकडे कुठल्याशा तरुण मंडळाच्या अध्यक्षपदी निवड झाली होती, आणि बहिणीचं दुकान असताना फ्लेक्सला पैसे कोण घालवणार? दुकानातच माझ्या डब्यातलं जेवला आणि पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला.

"ताई, जरा गोरा कर मला," म्हणाला. "पण लई करू नको, पोरं वळखनार न्हाईत."

"तुझं तोंड आहे तसंच ठेवते, मंडळाला कळू दे काय निवडलंय ते."

"मेलीस तू," म्हणत हसत हसत गाडीला किक मारून गेला. अहमदपूर, लोहा, नांदेड... त्याचा नेहमीचा रस्ता. उन्हात जाऊ नको, ऊन उतरल्यावर नीघ, हे मी सांगितलं होतं. पण ऐकेल तर तो शिवा कसला.

जुन्या कॉम्प्युटरवर रेणापूरच्या एका आजोबांची श्रद्धांजली उघडी होती. वर 'लिंगैक्य' (आम्हा लिंगायतांत 'कैलासवासी'ऐवजी हेच लिहितात), खाली नाव, मधल्या गोलात फोटो, फोटोला हार. हातातली कामं उरकून दोनेक तासांनी नव्यावर मी शिवाचा फोटो घेतला, मागची बॅकग्राउंड कापली आणि बॅनरवर टाकायला कॉपी केला. तेवढ्यात तहान लागली म्हणून बाटलीकडे हात नेला. माऊसवर हात नव्हता, हे मला शंभर टक्के आठवतं, कारण बाटलीचं झाकण घट्ट होतं आणि मी दोन्ही हातांनी उघडत होते.

कर्सर सरकायला लागला. हळूहळू डावीकडे गेला आणि कडेबाहेर दिसेनासा झाला. मी जुन्या स्क्रीनकडे बघितलं. तिथे तो उजवीकडून आत आला, आजोबांच्या फोटोवर जाऊन थांबला. फोटो गेला. त्या गोलात, हाराच्या आत, शिवा हसत होता.

अंगावर काटा आला, पण पहिला विचार हाच आला की टेबलाला धक्का लागला असेल आणि कीबोर्डवर काहीतरी दाबलं गेलं असेल. कॉपी तर मीच केला होता. आधी कंट्रोल-झेड दाबून अनडू केलं, आजोबा परत आले. माऊस उलटा करून पुसला. कर्सर नव्या स्क्रीनवर आणला, हात मांडीवर ठेवले आणि बघत बसले.

परत गेला. परत शिवा.

या वेळी मी उठले आणि सरळ केबलच उपटली. आता दोन्ही कॉम्प्युटरचा एकमेकांशी संबंध नाही. जुन्याला कीबोर्ड नाही, माऊस नाही, वायफाय तर त्याला कधी नव्हतंच. नव्या स्क्रीनवर माझा कर्सर माझ्या हाताखाली नीट फिरत होता. जुन्या स्क्रीनवर कर्सर दिसतच नव्हता. मी खुर्चीवर बसून मोठा श्वास घेतला.

मग जुन्या स्क्रीनवर तो आला. डावीकडून.

ज्यांनी असलं सॉफ्टवेअर वापरलंय त्यांना कळेल मी का घाबरले ते. कर्सर ज्या बाजूने आत येतो त्या बाजूला दुसरा कॉम्प्युटर असतो, म्हणजे त्या कॉम्प्युटरवर बसलेलं कुणीतरी असतं. जुन्याच्या उजवीकडे मी होते. त्याच्या डावीकडे भिंत आहे, भिंतीच्या पलीकडे गल्ली. आम्ही मांडलेल्या चौकोनात त्या बाजूला काहीच नव्हतं.

जो कुणी होता त्याला काम येत होतं. फोटो गोलात जरा तिरका बसला होता, तो त्याने सरळ केला. ओढून नाही. केसभर, केसभर सरकवत, जसं मी कीबोर्डच्या बाणांनी करते तसं. हार पुढे घेतला. मग आजोबांच्या नावावर गेला आणि ते शेवटच्या अक्षरापासून पुसायला लागला. 'लिंगैक्य' तेवढं ठेवलं. त्याच्यापुढे 'शि' आलं. मग 'व'. मी काय करतेय हे मलाच कळत नव्हतं... खाली वाकून जुन्याचा प्लगच ओढून काढला.

स्क्रीन काळी झाली. शिवाला फोन लावला, तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. परत तेच. मिस्टरांना लावला, त्यांनी कट केला, कारण गिऱ्हाइकासमोर असले की ते कट करतातच. गल्लीत भर उन्हात चिटपाखरू नव्हतं. पंखा चालू होता आणि मला थंडी वाजत होती. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. बंद करून मी त्याला आत कोंडलं होतं. शिवा त्या हाराच्या आतच राहिला होता, आणि स्क्रीन काळी असताना मला त्याला बाहेर काढता येत नव्हतं.

प्लग लावला. कॉम्प्युटर जुना, सुरू व्हायला जीव काढतो. केबल जोडली. फाइल उघडली तर त्यात पूर्ण नाव होतं. लिंगैक्य शिवकुमार, आणि पुढे आमच्या माहेरचं आडनाव. ते आडनाव आमच्या त्या कॉम्प्युटरवर कधी टाइप झालेलं नाही.

मी फोटो डिलिट केला. आला. आजोबांचा लावला, तो बाजूला सरकवला गेला आणि शिवा परत मध्ये आला. काळा चौकोन टाकून झाकला, तो उडाला. मी रडत होते, मोठ्याने रडत होते, आणि माऊस हातात गच्च धरला होता, पण मी एकीकडे ओढत होते आणि कर्सर दुसरीकडे जात होता. एवढं कळलं की ती जागा रिकामी राहणार नाही. आणि जो गेलाय तो तिथे चालत नाही. जिवंतच लागतंय.

नव्या कॉम्प्युटरवर संक्रांतीच्या हळदी-कुंकवाच्या फ्लेक्सची फाइल होती, त्यात माझा फोटो होता. नाकात नथ, हसरा. विचार केला असं म्हणणार नाही, विचार केला असता तर जमलं नसतं. कॉपी केला, कर्सर डावीकडे ढकलला आणि शिवावर पेस्ट केला.

कर्सर थांबला. माझा हात माऊसवर होता तरी मी हलवला नव्हता. बराच वेळ तो माझ्या फोटोवर थांबून होता. मग फोटो जरासा सरळ केला, हार पुढे घेतला, आणि सावकाश डाव्या कडेने भिंतीकडे निघून गेला. माझं नाव त्याने लिहिलं नाही... 'लिंगैक्य'पुढची जागा कोरीच ठेवली. शिवाचं नाव मात्र गेलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. शिवा होता.

"ताई, घाबरू नको, मी बरा हाय," त्याचं पहिलं वाक्य. मी काही बोललेच नव्हते.

"कुठं आहेस?"

"लोह्याच्या अल्याड, लिंबाखाली बसलाव. ताई, गाडीचं हँडल डावीकडं वढायलं हुतं. म्या उजवीकडं घ्यायलाव अन् ते डावीकडं चाललंय. कुनीतरी पुढून धरल्यागत. समोरून ट्रका येऊन राहिल्या. ब्रेक मारला तरी थांबंना. अन् मग एकदम सोडलं बग. हातातनं सोडल्यागत."

"कधी सोडलं?"

"आत्ता. सोडलं, गाडी थांबली, अन् तुला लावला."

त्याच्या फोनवर माझा एकही कॉल आलेला दिसत नव्हता. रेंज भरपूर होती, असं तो म्हणतो. त्याला मी तेव्हा काही सांगितलं नाही, बसने जा एवढं सांगितलं. त्याने गाडी लोह्यात ओळखीच्याकडे लावली आणि खरंच बसने गेला. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं.

मिस्टर आल्यावर सगळं सांगितलं. ते टेबलाखाली शिरले, केबल बघितली, माऊस बदलून बघितला.

"सॉफ्टवेअरमधला बग हाय," म्हणाले. "जुन्या विंडोजवर असं व्हतंय."

"केबल काढली होती मी."

"काढली असं वाटलं असंल तुला. अगं, ओपन सोर्स हाय हे. सगळा कोड उघडा असतोय, कुनीबी वाचावा. त्यात भूत लपायचं म्हणलं तर लपनार कुटं?"

मला राग आला, आणि बरंही वाटलं. कुणीतरी हसावं असं वाटत होतंच. पण त्यांनी फाइल उघडून माझा फोटो काढायला माऊस धरला तेव्हा मी त्यांचा हात धरला. फाइलला हात लावायचा नाही म्हटलं. रेणापूरच्या आजोबांचं मी नव्याने, नव्या कॉम्प्युटरवर करून दिलं. नियम गेला खड्ड्यात.

हे म्हणाले, "एवढी घाबरलीस?"

"हो," म्हटलं. "एवढी."

त्यानंतर माझं सुरू झालं. कणिक मळताना परात डावीकडे सरकायची. जिना उतरताना पाय भिंतीकडे जायचे. गल्लीतून चालताना मी नाकासमोर चाललेय असं मला वाटायचं आणि खांदा शटरला घासायचा. डॉक्टरांनी कान बघितला, डोकं बघितलं, रक्त बघितलं. सगळं नॉर्मल. गोळ्या दिल्या, त्या घेतल्या. एकदा रस्ता ओलांडताना ते ओढणं असं आलं की मी सिटी बसच्या तोंडाशी गेले, एका भाजीवालीने पदर धरून मागे खेचलं. तिने मला खूप शिव्या दिल्या. घरी येऊन मी हे यांना सांगितलं, आणि या वेळी ते हसले नाहीत. जेवले, हात धुतले आणि त्या फाइलचं सगळं पहिल्यापासून परत विचारून घेतलं.

नंतर एका सकाळी ते थांबलं. भाकरी थापताना लक्षात आलं की परात जागेवर आहे. जिना सरळ उतरले. दुकानापर्यंत गल्लीच्या मधोमध चालत गेले, आणि कसं सांगू... मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. औषधाने गुण आला असं मी ठरवूनच टाकलं. आता भीती संपली तर ती फाइलही संपवावी म्हणून जुना कॉम्प्युटर चालू केला.

गोलात माझा फोटो नव्हता. हाराच्या आत आमचे मिस्टर होते.

फोटो नीट कापलेला नव्हता, डावा कान अर्धा गेला होता. गोलात एका बाजूला झुकलेला. डिझाइनचं काम यांना कधी जमलं नाही, कान यांच्या हातून नेहमीच जातो. त्या डावीकडच्याचं काम कसं असतं ते मी बघितलंय, ते असं नसतं.

ते चहा घेऊन आले तेव्हा मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"म्या न्हाई लावला," म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"मग कुणी लावला?"

"बग हाय म्हणलं ना. चहा घे."

मी त्यांच्यासमोरच माझा फोटो उघडला, कॉपी केला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. रागाने नाही, नुसता ठेवला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माणूस कधी 'जेवलीस का' याच्यापुढे गेला नाही. आणि मी तिथे बसून फक्त रडले.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर जुना कॉम्प्युटर नव्हता. टेबल पुसलेलं, केबल गुंडाळून ठेवलेली. भंगारात दिला म्हणाले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भंगारवाला आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, "भाभी, मेरे पास तो कुछ नई आया." सासऱ्यांच्या जुन्या घरी बघितलं, छपाईवाल्याकडे विचारलं. कुठेतरी ठेवलाय त्यांनी, मला सापडू नये अशा ठिकाणी. नव्या कॉम्प्युटरवरून सॉफ्टवेअरही काढून टाकलंय. मी ते परत टाकलं. चौकोनांच्या खिडकीत डावीकडे जुन्याचा चौकोन मांडला आणि माऊस डावीकडे ढकलत बसले. कर्सर कडेला जाऊन अडतो. तासन् तास मी तो ढकललाय.

शिवा मजेत आहे. त्याचा फ्लेक्स नांदेडला दुसऱ्या कुणीतरी केला, आणि गोरा केलाय त्याला. त्याला यातलं अजून काही माहीत नाही.

यावर मला कुणी काही समजावून सांगू शकेल असं वाटत नाही. कोडवाले सांगतील की केबलशिवाय हे होत नाही, ते मलाही माहीत आहे. देवऋषीकडे जा म्हणणारेही भेटतील. मी जाईनसुद्धा, आता मला कशाचीच लाज राहिली नाही. फक्त एवढंच विचारायचंय – जो कॉम्प्युटर कुठे आहे हेच माहीत नाही, त्यावरचा फोटो कुणी कसा बदलावा?

गेल्या आठवड्यापासून हे मला गाडीवर मागे बसू देत नाहीत. सकाळी दुकानात येताना मला ऑटोत बसवून देतात आणि स्वतः मागून एकटे येतात. टायर गुळगुळीत झालंय, दोघांच्या वजनाने घसरंल, म्हणतात. काल ते आंघोळीला गेले तेव्हा मी खाली जाऊन बघितलं. दोन्ही टायर नवे आहेत.